दुसऱ्या गुरुवारचा हिशेब

आईच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या कडेला खिळा ठोकून कालनिर्णय लावलेलं असायचं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भांडीवाल्या मावशींना दिलेली उचल, सगळं त्याच्यावर. आणि या हिशेबात, तारखेच्या आकड्याखाली, निळ्या बॉलपेनचे बारीक ठिपके. नुसता ठिपका आईचा. ठिपक्याला शेपटी असली की ताईचा. फुली माझी. बाबा रोज सकाळी त्याच पानावर तिथी बघायचे. इतक्या वर्षांत हे ठिपके कसले म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. पाळीबद्दल घरात कोणी बोलत नसे, तिची नोंद मात्र भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

पुढे मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, सव्वीस वर्षं. माझी एक वर्गमैत्रीण तेव्हा अमेरिकेत शिकत होती. मला काय वाचायला आवडेल हे तिला बरोबर ठाऊक असायचं. तिने एकदा पाकिटात घालून एका शोधनिबंधाची झेरॉक्स पाठवली आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं, ‘वाच आणि मला सांग, राग येतो की पटतं.’

निबंध १९९८चा होता. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथल्या विद्यापीठात तारा शॅव्हान आणि गॉर्डन गॅलप यांनी केलेला अभ्यास. गॅलप म्हणजे चिंपांझी आरशात स्वतःला ओळखतात हे १९७० साली दाखवणारे तेच, आमच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव होतंच. त्यांनी ३०० विद्यार्थिनींना एक यादी दिली आणि विचारलं, गेल्या चोवीस तासांत यातलं काय काय केलंत? रात्री एकटीने चालत जाणं, अनोळखी माणसाबरोबर असणं, अशा गोष्टी. प्रत्येक गोष्टीला लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने कमी किंवा जास्त जोखमीचे गुण दिलेले होते. सोबत पाळीचा कितवा दिवस आहे आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हेही विचारलं होतं. निष्कर्ष असा, की ज्या मुली गोळ्या घेत नव्हत्या त्या दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते तेव्हा, जोखमीच्या गोष्टी कमी करत होत्या. गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये असा फरक दिसला नाही.

यामागचा त्यांचा विचार उत्क्रांतीचा होता. आपल्या मुलाचा बाप कोण असावा हे ठरवण्याचा बाईचा हक्क बलात्कार हिरावून घेतो. लाखो वर्षांत ज्या बायकांचं शरीर त्या नेमक्या दिवसांत त्यांना सावध करत गेलं, त्यांचा वंश जास्त टिकला असेल, आणि ती सावधगिरी आपल्यात उतरली असेल.

मला राग आला आणि पटलंही. अर्ध्या रात्री उठून मी मैत्रिणीला तसं पत्र लिहिलं. पटलं ते अशासाठी, की आमच्या घरात पाळी म्हणजे विटाळ, अडचण, ‘आजी, मला शिवू नकोस’ एवढंच होतं. माझ्या रक्तात एखादं शहाणपण असू शकतं, शरीर माझ्या बाजूने जागं राहत असेल, असं मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. राग कशाचा आला ते मात्र लगेच कळलं नाही. ते कळायला बरीच वर्षं गेली.

त्या धाग्याचा माग मी सोडला नाही. २००२ साली गॅलप यांनीच एका सहकाऱ्याबरोबर आणखी एक अभ्यास केला. मूठ किती जोरात आवळता येते हे मोजण्याचं यंत्र मुलींच्या हातात दिलं आणि त्यांना अत्याचाराचा प्रसंग वाचायला दिला. मधल्या दिवसांतल्या मुलींची पकड तो प्रसंग वाचल्यावर वाढली, असं त्यांना आढळलं. २००३ साली जर्मनीत ब्रॉडर आणि होमान यांनी १९९८चा अभ्यास जास्त काटेकोरपणे पुन्हा केला. वेगवेगळ्या मुलींची एकमेकींशी तुलना करण्याऐवजी त्याच ५१ जणींना चार आठवड्यांत पुन्हा पुन्हा विचारलं. मुली त्या दिवसांत नुसत्याच घरी बसत असतील, ही शंका त्यांनी तपासून पाहिली. तसं नव्हतं. गोळ्या न घेणाऱ्या मुलींची बिनजोखमीची कामं उलट वाढलेली होती, जोखमीची तेवढी कमी झाली होती.

इथवर मी वर्गात सांगायचे आणि मुली कान टवकारून ऐकायच्या. नंतर मात्र हे सांगताना माझी जीभ अडखळायला लागली.

पहिली अडचण मोजणीचीच. यातल्या बऱ्याच अभ्यासांत मधले दिवस कोणते ते पाळीच्या तारखेवरून बोटं मोजून ठरवलेले होते. शरीर असं पंचांग बघून चालत नाही. २००० साली अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून जास्त बायकांच्या लघवीतली संप्रेरकं रोजच्या रोज तपासली. डॉक्टर ज्यांना सरसकट गर्भधारणेचे दिवस म्हणतात, दहावा ते सतरावा, त्यांत ज्यांचा तो काळ पुरता बसतो अशा बायका फक्त तीस टक्क्यांच्या आसपास निघाल्या. उरलेल्या जणींचे दिवस अलीकडे-पलीकडे सरकलेले. पाळीनुसार बायकांच्या आवडीनिवडी बदलतात, असं म्हणणारं याच कुळीतलं दुसरं संशोधन होतं. त्यावर २०१४ साली दोन मोठे आढावे निघाले, जवळपास तेच अभ्यास हातात घेऊन, आणि दोन्हींचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. २०१८ साली ५८४ बायकांच्या लाळेतली संप्रेरकं मोजून पाहिली गेली तेव्हा, अमुक दिवशी अमुक चेहऱ्याचे पुरुष जास्त आवडतात, याला आधार सापडला नाही. तीनशे मुलींच्या एका प्रश्नावलीवर किती भार टाकायचा, याचा विचार मला नव्याने करावा लागला.

पण माझ्या रागाचं मूळ मोजणीत नव्हतंच, त्या यादीत होतं. रात्र, रस्ता, अंधार, अनोळखी माणूस. ती यादी मी कितीतरी वेळा वाचली होती. त्यात दीर नव्हता. क्लासचे सर नव्हते, शेजारचे काका नव्हते, नवरा नव्हता. आपल्याकडे २०२१ साली बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. दर वर्षीची आकडेवारी हेच सांगते, की शंभरातल्या नव्वदांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. हे झाले पोलिसांपर्यंत पोचलेले गुन्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत लग्न झालेल्या ज्या बायकांनी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं, त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त जणींनी नाव घेतलं ते आताच्या नवऱ्याचं. आणि बायको अठरा वर्षांच्या आतली नसेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजही, नव्या न्याय संहितेतही, बलात्कार धरली जात नाही.

मग चौदाव्या दिवशी शरीराने सावध केलं तरी तिने जायचं कुठे? जोखीम टाळण्यासाठी जी घरी थांबली, तिची जोखीम घरातच असेल तर?

आणखी एक गोष्ट आहे. बाईच्या गर्भाशयाला साक्षीला बोलवायची खोड फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘फ्लेटा’ नावाच्या इंग्रजी कायद्याच्या ग्रंथात म्हटलं होतं, की बाईची संमती नसेल तर गर्भ राहूच शकत नाही. म्हणजे दिवस गेले की तक्रार खोटी. हे जुनं म्हणून सोडून द्यावं, तर २०१२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातून सिनेटची निवडणूक लढवणारे टॉड एकिन टीव्हीवर म्हणाले, की बलात्कार खरा असेल तर बाईचं शरीर गर्भधारणा रोखायचा उपाय करतं. ते निवडणूक हरले. पण ते बोलले त्याच्या सोळा वर्षं आधी त्यांच्याच देशात ४,००८ बायकांचा अभ्यास होऊन छापून आला होता. त्यात १२ ते ४५ वयाच्या पीडितांमध्ये बलात्कारानंतर गर्भ राहण्याचं प्रमाण पाच टक्के निघालं होतं. शंभरातल्या पाच जणी. शरीराने त्यांच्यासाठी कुठलंही दार लावून घेतलं नव्हतं.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या डिसेंबरात एका सकाळी माझ्या ओळखीची एक बाई दारात येऊन उभी राहिली. कोण, कुठली, वय काय, हे मी लिहिणार नाही. तो परका नव्हता, एवढंच सांगते. ती पोलिसात जायला तयार होती, पण आधी अंघोळ करू का, असं तिने मला विचारलं. मी नको म्हणाले. तिचे कपडे तसेच ठेवून, वर माझी शाल गुंडाळून आम्ही रिक्षाने शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो.

कॅज्युअल्टीत टेबलामागे एक तरुण डॉक्टर होते. आजूबाजूला अपघाताचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, केसपेपर घेऊन उभे असलेले दोन-तीन पुरुष. डॉक्टरांनी छापील फॉर्म पुढे ओढला आणि मान खाली घालूनच, जरा मोठ्याने विचारलं, ‘शेवटची पाळी कधी?’

तिने शाल कपाळापर्यंत ओढली. काही बोलेना. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ती माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, ‘ताई, मी तसल्या दिवसात नव्हते हो. सोवळ्यात होते.’

तिला वाटलं होतं, हा आरोप आहे. पाळीत असताना काहीतरी करायला नको ते तिने केलं असणार, म्हणून हे घडलं, असं डॉक्टर विचारताहेत. मी सव्वीस वर्षं शिकवलं होतं, पण त्या क्षणी तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

सांगितलं ते एका वयस्कर सिस्टरने. तिने फॉर्म उचलला, आम्हाला पडद्यामागे नेलं, स्टूल ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. म्हणाली, ‘हे बघ बाळ, तारीख दोन कामांसाठी पाहिजे. एक, तुला दिवस जाऊ नयेत म्हणून. दोन, पाळी चालू असली तर रक्त कशाचं ते कळत नाही, जखमा नीट दिसत नाहीत. मग परत बोलवून तपासावं लागतं. तुझी केस पक्की व्हावी म्हणून विचारतोय. तुझी चूक शोधायला नाही.’

तिने डोक्यावरची शाल खाली घेतली. आठवायला लागली. तारीख तिला येत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी मला घट मांडता आला नाही. सकाळीच बाजूला बसले. शेजारच्या काकूंनी पूजा केली, मी नुसता उपास धरला.’

मी मोबाइलवर कालनिर्णय उघडलं. दुसरा गुरुवार हा पहिला दिवस. तिसरा गुरुवार आठवा. त्यानंतर शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ. घडलं ते मंगळवारी रात्री. तेरावा दिवस. आज बुधवार, म्हणजे उद्या चौथा गुरुवार.

‘उद्या उद्यापन आहे,’ ती म्हणाली. ‘सात सवाष्णींना सांगून ठेवलंय.’

सिस्टरने रकान्यात तारीख लिहिली. खाली ‘घटनेच्या वेळी पाळी चालू होती का’, ‘तपासणीच्या वेळी चालू आहे का’ असे दोन प्रश्न होते, दोन्हींपुढे ‘नाही’. मग तिने तपासणी कशी होईल ते एकेक करून सांगितलं आणि प्रत्येक गोष्टीला, ‘चालेल ना?’ असं विचारलं. तपासणी झाल्यावर लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एक गोळी हातावर ठेवली. ही गोळी बीजांड बाहेर पडणं लांबवते, बहात्तर तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. तिने पाणी मागितलं. पेला धरताना तिचा हात इतका थरथरत होता, की अर्धं पाणी शालीवर सांडलं.

तो फॉर्म मी नंतर घरी येऊन शोधून वाचला. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली लैंगिक हिंसेतून वाचलेल्यांच्या तपासणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतला तो नमुना. पाळी चालू असेल तर पुढच्या तारखेला दुसऱ्यांदा तपासा, हेही त्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. हे आपोआप आलेलं नाही. त्यामागे दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर नेमलेली न्यायमूर्ती वर्मा समिती आहे, जिने एका महिन्यात, २३ जानेवारी २०१३ला अहवाल दिला. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली ‘सेहत’ ही संस्था आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर आहेत. अशा तपासण्या किती वाईट तऱ्हेने होतात, यावर त्यांनी २०१०च्या सुमारास अहवाल लिहिला आणि प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

त्याआधी याच तपासणीत बाईला काय विचारलं जायचं ते वाचलं तर अंगावर काटा येतो. योनीत दोन बोटं घालून ही ‘सवयीची’ आहे की नाही, असा शेरा लिहायचे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, तेव्हाही असाच शेरा तिच्या विरोधात वापरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं, आणि १९७९च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८३ला कायदा बदलला. दोन बोटांची चाचणी मात्र पुढेही चालू राहिली. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२मध्ये सांगावं लागलं.

तोच दवाखाना, तेच टेबल, आणि बाईच्या त्याच अवयवाबद्दलचे दोन प्रश्न. एकाने तिचं चारित्र्य ठरवायचे, दुसऱ्याने तिची गोळी ठरते. त्या बाईला हा फरक कळायला सिस्टरची चार वाक्यं पुरली. ती चार वाक्यं फॉर्मवर छापलेली नाहीत. ती छापायला हवीत, आणि प्रश्न पडद्यामागेच विचारला जायला हवा. यावर मी जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहिते आहे.

पाळीचे दिवस आणि हिंसा यांचा संबंध शोधूच नये, असं मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी अपघात वगैरे आघातांनंतर दवाखान्यात आलेल्या बायकांकडे पाहिलं. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, जेव्हा प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेलं असतं, तेव्हा ज्यांच्यावर आघात झाला त्यांना त्या आठवणी अचानक डोळ्यांपुढे येण्याचा त्रास जास्त झाला, असं त्यांना २०११मध्ये दिसलं. हा अभ्यास लैंगिक अत्याचाराबद्दल नव्हता आणि एवढ्यावर काही ठरतही नाही. पण प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरातून उद्या कुणाची रात्रीची झोप परत येऊ शकेल. कितीतरी वर्षांपूर्वीच्या त्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात मैत्रिणीने विचारलं होतं, त्याचं उत्तर मी आता असं देते: मुलीच्या शरीरात काय चाललंय हे जरूर विचारा, पण तिने काय काय करायचं टाळलं याची यादी करायला नको. गुन्ह्याच्या रात्री त्याने काय केलं याची यादी करा.

उद्यापन तिने त्या गुरुवारी केलं. मला वाटलं होतं रद्द करेल. सात सवाष्णी आल्या, तिने त्यांची ओटी भरली, जेवायला वाढलं, कुणाला काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात जबाब पुरा केला.

सिस्टरने सांगितलं होतं, गोळीने पाळी चार-आठ दिवस पुढे-मागे होऊ शकते, आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करायला या. ती रोज सकाळी मला फोन करायची. काही बोलायची नाही, ‘अजून नाही, ताई,’ एवढंच म्हणून ठेवायची. मीही रोज तिथीसारखा तो हिशेब करायचे. पंधरावा, सोळावा, सतरावा. पंचविसावा. सत्तावीस. एकोणतीस.

नवं वर्ष लागलं. नव्या कालनिर्णयाचं पान अजून कोरं होतं, दुधाचा एकही खाडा नव्हता. तिसाव्या दिवशी तिचा फोन सकाळी आला नाही. दुपारी आला. मागे मिक्सरचा आवाज, मग तो बंद झाला.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘बाजूला बसलेय.’

मी फोन तसाच हातात धरून स्वयंपाकघरात गेले आणि बॉलपेन शोधायला लागले.